हाफकिन आणि पडलेला चिमटा

गेल्या श्रावणात सात रस्त्यावर तालमीतल्या एका मित्राने खिशातून चिमुकली बाटली काढून मला दाखवली. आत पांढरी पूड. दुखावलेला स्नायू झटकन भरून काढणारे पेप्टाइड, म्हणे. लेबलावर मात्र हे केवळ संशोधनासाठी, माणसांसाठी नव्हे, असे छापलेले. प्रयोग उंदरांवर झालेले. पुढचा उंदीर आमचा मित्र! मी काही बोललो नाही. घरी येईपर्यंत डॉ. वाल्देमार हाफकिन आठवत राहिले.

हाफकिन मूळचे ओडेसाचे, जन्म १८६०. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ साली प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला तेव्हा ते तेथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच संसार. मांसाच्या रसावर ते चक्क तूप सोडत! त्या तुपाच्या थेंबांखाली प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे. आधी ही लस सशांना दिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः घेतली. ताप भरला, तरी काम थांबले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वतःहून पुढे आलेले कैदी. (तुरुंगात स्वतःहून म्हणजे कितपत, हा प्रश्न मला पडतोच.)

मग १९०२ चे मुल्कोवाल. पंजाबातल्या या गावी ३० ऑक्टोबरला १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. हाफकिननी लसीत कार्बोलिक ॲसिड घालणे बंद केले होते, म्हणून खापर त्यांच्यावर फुटले. नोकरी गेली, अब्रूही गेली. वास्तविक बाटली उघडताना गावातच मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला होता. रोनाल्ड रॉस आदींनी बाजू लावून धरल्यावर १९०७ साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईतल्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझान येथे ते वारले.

त्या बाटलीला क्रमांक होता, म्हणून तरी चिमट्यापर्यंत पोचता आले. दुसऱ्या दिवशी मी मित्राला त्याची बाटली पुन्हा मागितली. सात रस्त्याच्या दिव्याखाली आम्ही दोघांनी ती चहूबाजूंनी फिरवून पाहिली. क्रमांक नव्हता. बनवणाऱ्याचे नावही नव्हते.