रोज थोडे, पण रोज : गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा

काही वर्षांपूर्वी नोकियाचे मोबाईल घरोघरी होते. त्यांची ती ठरावीक धून वाजली की चारचौघांचे हात एकदम खिशाकडे जात. ती धून मुळात मोबाईलसाठी बनवलेली नव्हती. ग्रान व्हाल्स नावाच्या गिटारच्या रचनेतील ते काही स्वर आहेत. १९०२ सालची ही रचना स्पेनचे थोर गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांची. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांचे स्वर ऐकले, पण नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

तारेगांची ओळख करून देण्यामागे आमचा एक हेतू आहे. आपल्यातील अनेक घरांत गिटार आहे. मुले मोठ्या उत्साहाने क्लासला जातात. पहिल्या महिन्यात बोटांची टोके दुखतात, दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो आणि तिसऱ्या महिन्यात गिटार कपाटावर जाऊन बसते. अशा मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे जीवन जरूर जाणून घ्यावे.

तारेगांचा जन्म २१ नोव्हेंबर १८५२ रोजी स्पेनच्या पूर्व भागातील व्हिलारिआल या गावी झाला. पवित्र साक्रामेंताचे महान भक्त संत पास्काल बायलॉन १५९२ साली याच गावात मरण पावले. त्यांच्या नावाच्या मठात धर्मभगिनी राहत असत आणि फ्रान्सिस्कोचे वडील त्या मठात राखणदाराचे काम करीत. परिस्थिती बेताचीच होती. वडिलांना गिटार वाजवण्याची आवड होती. ते कामावर गेले की छोटा फ्रान्सिस्को ती गिटार हाती घेई आणि ऐकलेले सूर शोधू लागे.

लहानपणीच त्याच्यावर मोठे संकट आले. तो पाटाच्या पाण्यात पडला आणि त्या अपघातात त्याच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. मुलाची दृष्टी पूर्ण गेली तर तो जगणार कसा, ही चिंता वडिलांना लागली. त्यांनी विचार केला की, संगीत आले तर तो निदान पोट तरी भरील. म्हणून सारे कुटुंब जवळच्या कास्तेयोन शहरात राहायला गेले. तेथे फ्रान्सिस्कोला दोन शिक्षक लाभले, एक पियानोचे आणि एक गिटारचे. दोघेही अंध होते. अशा शिक्षकांना विद्यार्थ्याची बोटे दिसत नाहीत, त्यांना फक्त स्वर ऐकू येतो. तो स्वच्छ आला पाहिजे, एवढेच त्यांचे मोजमाप.

१८६२ साली हुलियान आर्कास हे नामांकित गिटारवादक कास्तेयोनला आले. त्यांनी या मुलाचे वादन ऐकले आणि त्याला शिक्षणासाठी बार्सिलोनाला पाठवा, असा सल्ला दिला. वडील तयार झाले, पण एका अटीवर : मुलाने पियानोही शिकला पाहिजे. त्या काळी पियानोला मान होता. गिटार म्हणजे गाण्याला साथ देणारे वाद्य, अशीच समजूत होती.

पुढे सर्व काही सुरळीत झाले, असे मात्र नाही. आर्कास लवकरच दौऱ्यावर निघून गेले. दहा वर्षांचा फ्रान्सिस्को घरातून पळाला आणि बार्सिलोनाच्या कॉफीगृहांत गिटार वाजवू लागला. वडिलांनी शोधून परत आणले. काही वर्षांनी तो पुन्हा पळाला, या वेळी व्हॅलेन्सियाला. वडिलांनी पुन्हा परत आणले, तो पुन्हा पळाला. त्या गरीब बापाने किती सोसले असेल! पण त्याने मुलाची गिटार काढून घेतली नाही आणि पियानोचा आग्रहही सोडला नाही. मुलाची प्रगती सरळ रेषेत होत नाही, हे आपण पालकांनीही लक्षात ठेवायला हवे.

१८६९ साली एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मदतीने तारेगांना सेव्हिल येथील प्रसिद्ध कारागीर आंतोनिओ दे तोरेस यांच्या हातची गिटार मिळाली. ती त्यांनी पुढे कित्येक वर्षे वापरली. १८७४ साली त्यांनी माद्रिदच्या संगीत विद्यालयात प्रवेश घेतला. पियानोही उत्तम येत असताना त्यांनी निवड केली ती गिटारची. वडिलांचा पियानोचा आग्रह मात्र वाया गेला नाही. बेथोवन, शोपां, मेंडेल्सोन यांच्या रचना त्यांनी गिटारवर आणल्या आणि हे वाद्य एकट्यानेही मैफल रंगवू शकते, हे दाखवून दिले. पॅरिस आणि लंडन येथेही त्यांचे कार्यक्रम झाले. १८८२ साली मारिया होसे रिसो यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढे त्यांनी बार्सिलोनात संसार थाटला.

त्यांची सर्वांत गाजलेली रचना म्हणजे रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा, अर्थात आलाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणी. ती ऐकताना दोन गिटार वाजत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात अंगठा खालचे स्वर वाजवतो आणि अनामिका, मधले बोट व तर्जनी एकामागून एक त्याच तारेवर पुन्हा पुन्हा येतात. याला ट्रेमोलो म्हणतात. शिकणारे बहुतेक जण येथे घाई करतात. बोटे पळतात, पण एक टोला जोरात पडतो आणि दुसरा हळू. मग तो झरा अडखळतो. यावर एकच उपाय आहे. अगदी सावकाश वाजवावे, चारही टोले सारखे ऐकू येऊ लागले की वेग थोडासा वाढवावा आणि बिघडले की पुन्हा मागे यावे. आज साधलेला वेग उद्या हरवतो, परवा परत येतो. त्यात निराश होण्यासारखे काही नाही.

तारेगांनी लाग्रिमा आणि आदेलिता यांसारख्या छोट्या रचनाही लिहिल्या. एखाद्या पानात मावणाऱ्या या रचना जगभरातले विद्यार्थी आजही वाजवतात. मोठी रचना अर्धवट येण्यापेक्षा छोटी रचना स्वच्छ येणे केव्हाही चांगले.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांच्या आयुष्याची अखेरची काही वर्षे. पन्नाशीच्या सुमारास, नाव झालेले असताना, त्यांनी उजव्या हाताची नखे कापून टाकली. नखाऐवजी बोटाच्या मांसल टोकाने तार छेडली तर स्वर अधिक मऊ येतो, असे त्यांना वाटू लागले होते. म्हणजे आयुष्यभराची सवय मोडून नवी लावायची. पुढे १९०६ च्या जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तार छेडणारा हातच गेला! पण त्यांनी गिटार खाली ठेवली नाही. एकेका बोटाला पुन्हा शिकवत ते काही काळाने श्रोत्यांपुढे आले. पूर्वीची ताकद काही परत आली नाही, तरी वाजवणे आणि शिकवणे त्यांनी सोडले नाही.

त्यांचे शेवटचे काम २ डिसेंबर १९०९ रोजी पूर्ण झाले. शूमान यांच्या एका छोट्या पियानोरचनेचे ते गिटारवरील रूप आहे. त्याचे नाव ओरेमुस, म्हणजे आपण प्रार्थना करू या. लॅटिन मिस्सा ऐकलेल्या आपल्या ज्येष्ठांना हा शब्द नक्कीच आठवेल. त्यानंतर तेरा दिवसांनी, १५ डिसेंबर रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी तारेगा बार्सिलोनात देवाघरी गेले. शिकवण्याचे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले नव्हते. पण मिगेल ल्योबेत, एमिलिओ पुहोल यांसारख्या शिष्यांनी त्यांची विद्या पुढे नेली. पुहोल यांनी तर तिच्यावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला.

आपल्या मुलांकडून कोणी तारेगा होण्याची अपेक्षा करीत नाही. रविवारी तीन तास आणि एरवी काहीच नाही, यापेक्षा रोज वीस मिनिटे बरी, एवढेच आमचे सांगणे आहे. आधी पाच मिनिटे सावकाश सरगम, मग कालचा अडलेला एकच भाग, आणि शेवटी आवडते गाणे. आईवडिलांनी त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा आणि एखादे दिवशी जवळ बसून ऐकावे. कपाटावरची गिटार आज खाली काढा, धूळ पुसा, तारा गंजल्या असतील तर बदलून घ्या. उद्यापासून वीस मिनिटे.