पाटीलबावांची फौज



आपल्या शहरात कंपू आणि हुजरात ही दोन नावे रोज कानावर पडतात. कंपूवरून टेम्पो पकडायचा, हुजरात पुलापाशी उतरायचे, एवढाच त्यांचा अर्थ आता राहिला आहे. मुळात हे दोन्ही शब्द फौजेतले. हुजरात म्हणजे धन्याच्या खास तैनातीतले घोडदळ. कंपू म्हणजे कवायती पायदळाची छावणी, आणि पुढे त्या छावणीतली फौजही. हे घोडदळ आणि हे पायदळ एका धन्याच्या हाताखाली, एका मोहिमेत, एकमेकांना धरून चालावे हे काम अठराव्या शतकात फार थोड्यांना जमले. ज्यांना जमले त्यांत महादजी शिंदे यांचे नाव पहिले. हिंदी पुस्तकांत ते सिंधिया म्हणून भेटतात व त्यांच्या लढायांच्या तारखा पाठ कराव्या लागतात. आम्ही येथे त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी लिहीत आहोत. कोणत्या माणसाला फौजेत कोठे नेमावे, हे ते काम.

महादजींचे घराणे सातारा भागातील कण्हेरखेडचे. वडील राणोजी यांनी पहिल्या बाजीरावांच्या काळात माळव्यात शिंदे घराण्याचा पाया घातला. महादजींचा जन्म 1730 च्या सुमाराचा. घरात थोरले भाऊ कर्ते असल्यामुळे सरदारी त्यांच्याकडे येण्याची चिन्हे नव्हती. पण जयाप्पा 1755 मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी 1760 च्या जानेवारीत यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले आणि पुढच्याच वर्षी पानिपताने पुतण्या जनकोजीलाही नेले. त्या रणातून महादजी वाचले खरे, पण पायाला अशी जखम झाली की ते जन्मभर लंगडत चालले.

त्यांना वाचवले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. फौजेला पाणी पुरवणारा हा माणूस. त्याने जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. उपकार फेडायचा म्हणून त्याला जमीन किंवा पैसा देऊन घरी बसवता आले असते. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि फौजेत घेतले. तो योग्यतेने चढत गेला. 1788 मध्ये गुलाम कादिराने दिल्लीत बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवायला गेलेल्या फौजेचे नेतृत्व याच राणेखानाकडे होते. नुसत्या कृतज्ञतेवर एवढी मोठी फौज कोणी सोपवत नाही. महादजींनी त्या माणसाला वीस-पंचवीस वर्षे जवळून पारखले होते.

1768 मध्ये शिंद्यांची सरदारी महादजींकडे आली. 1772 च्या आरंभी मराठ्यांनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे इंग्रजांशी युद्ध झाले. 1779 मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावे लागले, पण 1780 च्या ऑगस्टमध्ये पॉफमने आपला ग्वाल्हेरचा किल्ला रातोरात शिड्या लावून घेतला. 1782 मध्ये सालबाई येथे तह झाला. हे गाव आपल्यापासून लांब नाही. 1783 मध्ये किल्ला परत आला. या युद्धात महादजींनी एक गोष्ट बारकाईने पाहिली असावी. कंपनीची पलटण लहान असली तरी ती एका हुकमाने थांबते, एका हुकमाने वळते आणि तिचा पगार वेळेवर होतो.

मराठी घोडदळाची घडण वेगळी होती. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचे पोटच गेले. म्हणून तोफांच्या तोंडी घोडा घालताना त्याचा हात आखडे, आणि त्यात त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. मुलूख फिरणे, शत्रूची रसद तोडणे, पळणाऱ्याचा पाठलाग करणे यात त्याला तोड नव्हती. पण समोर खंदक आणि तोफा घेऊन बसलेल्या पायदळाला उठवणे हे त्याचे काम नव्हे. त्या कामाला वेगळी माणसे हवी होती.

1784 मध्ये ती माणसे तयार करणारा एक जण मिळाला. सॅव्हॉय प्रांतातील शांबेरीचा बेन्वा द बॉयन. मराठी कागदांत तो डिबॉईन म्हणून येतो. महादजींनी त्याला आरंभी दोनच पलटणी उभ्या करायला सांगितल्या. तोफा ओतण्याचे काम सँगस्टर नावाच्या एका स्कॉटिश माणसाकडे गेले. तो आधी गोहदच्या राण्याच्या, म्हणजे महादजींच्या शत्रूच्या, नोकरीत होता! पुढे आग्र्याचा कारखाना त्यानेच सांभाळला.

त्याच वर्षाच्या शेवटी बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे पद दिले व महादजी त्यांचे नायब झाले. मान मोठा होता, पण त्याबरोबर बादशाही फौजही गळ्यात आली. आता एका तळावर किती तऱ्हेची माणसे झाली पाहा. शिंद्यांची पागा, शिलेदार, डिबॉईनच्या पलटणी, आणि मोगल सरदारांच्या हाताखालची हिंदुस्तानी पलटणे व तोफा. प्रत्येकाचा पगार वेगळ्या वाटेने यायचा आणि प्रत्येकाचा धनी वेगळा. शाळेचे वेळापत्रक लावणारा माणूस तीस शिक्षकांत थकतो. येथे हजारो हत्यारबंद लोक होते आणि खजिना रिकामा होता.

याचा हिशेब 1787 च्या जुलैमध्ये लालसोटजवळ तुंगा येथे चुकवावा लागला. समोर जयपूर आणि जोधपूरच्या फौजा होत्या. मोगल सरदार हमदानी आधीच त्यांना जाऊन मिळाला होता. तो लढाईत मारला गेला. राठोडांच्या घोडदळाचे हल्ले डिबॉईनच्या पलटणींनी जागचे न हलता परतवले. दिवस हातचा गेला नव्हता. पण पगार थकलेल्या हिंदुस्तानी पलटणी लढाईनंतर तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या. महादजींना मागे हटावे लागले. त्यांनी फौज मोडू न देता मागे आणली, हे आम्हाला त्यांच्या अनेक विजयांपेक्षा मोठे वाटते. आग्र्याच्या किल्ल्यात लखबादादा लाड वेढा सोसून टिकून राहिले. 1788 च्या जूनमध्ये आग्र्याजवळ इस्माईल बेगचा पराभव झाला आणि गेलेला डाव फिरला.

मधल्या काळात डिबॉईन नोकरी सोडून लखनऊला व्यापारात पडला होता. त्याला पलटणी वाढवायच्या होत्या आणि महादजींचा हात तेव्हा मोकळा नव्हता. 1790 मध्ये त्यांनी त्याला परत बोलावले. या खेपेस पुरी ब्रिगेड, आणि पुढच्या तीन वर्षांत आणखी दोन. तुंग्याचा धडा व्यवस्थेत उतरला तो येथे. या फौजेच्या पगारासाठी दुआबातला मुलूख जायदाद म्हणून वेगळा काढून दिला, म्हणजे शिपायाचा पैसा दुसरीकडे वळू नये. मुख्य ठाणे अलीगढला. तेलंगा पलटणींना कंपनीच्या धर्तीची कवायत व बंदूक, नजीब पलटणींना त्यांच्या सवयीचे हत्यार. प्रत्येक पलटणीबरोबर तिच्या तोफा आणि ब्रिगेडबरोबर थोडे घोडदळ. जखमी शिपायाचा पगार उपचार चालू असता कापायचा नाही, उलट जखमेच्या मानाने बक्षीस द्यायचे, कायमच्या अधू झालेल्याला अर्धा पगार चालू ठेवायचा, असे नियम होते. त्या काळच्या हिंदुस्थानात ही नवी गोष्ट होती.

पण पलटणी आल्या म्हणून घोडदळ अडगळीत टाकले नाही. जिवबादादा केरकर हे गोमंतकातल्या पेडणे महालातले सारस्वत, कारकुनी पेशाच्या समाजातले. ते शिंद्यांचे बक्षी झाले. बक्षीकडे हजिरी, गणती व पगाराची वाटणी असे. ज्याला कागदावर फौज कळते त्याला रणातही कळेल, हा महादजींचा अंदाज जिवबादादांनी खरा केला. लखबादादाही सारस्वतच. गोपाळराव रघुनाथ, अंबाजी इंगळे हे आणखी सरदार. 1790 च्या जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता, या दोन लढायांत पायदळाने शत्रूची फळी फोडली आणि घोडदळाने पुढचे काम केले. 1793 मध्ये लाखेरीला हीच फौज होळकरांविरुद्ध उभी राहिली. मराठ्यांनी मराठ्यांवर चालवलेल्या तोफांचे वर्णन इंदूरला आणि ग्वाल्हेरला वेगवेगळ्या स्वरात होते. आम्ही त्यात पडत नाही.

एक गोष्ट मात्र महादजींनी केली नाही, किंवा तिला वेळ मिळाला नाही. पलटणींचे वरचे अधिकारी जवळजवळ सगळे युरोपीय राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला हिंदुस्तानी सुभेदार सुभेदारच राहिला. भिस्त्याला सेनापती करणाऱ्या माणसाच्या फौजेत हे व्हावे याचे आम्हाला आश्चर्य वाटते. डिबॉईनने तर इंग्रजांविरुद्ध लढणार नाही अशी अट घालूनच नोकरी धरली होती.

1792 मध्ये महादजी पुण्यास गेले आणि 12 फेब्रुवारी 1794 रोजी तेथेच वानवडीला वारले. सरदारी कोवळ्या वयाच्या दौलतरावांकडे आली. 1795 मध्ये खर्ड्याला जिवबादादांनी फौजेची शान राखली, पण पुढच्याच वर्षी तेही गेले. डिबॉईन युरोपला परतला व त्याची जागा पेराँने घेतली.

1803 मध्ये इंग्रजांशी पुन्हा युद्ध जुंपले. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय करू, असा जाहीरनामा कंपनी सरकारने काढला. बरेच अधिकारी गेले. पेराँही गेला. 4 सप्टेंबरला अलीगढ पडले. 23 सप्टेंबरला असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी लढत मेले. 1 नोव्हेंबरला अलवरजवळ लासवाडीला उत्तरेतल्या उरल्या पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे युरोपीय अधिकारी बहुतेक निघून गेलेले होते. शिपाई आणि सुभेदार मात्र तेच होते. ते जागा सोडून हटले नाहीत. इंग्रज सेनापती लेक यानेही त्यांच्या लढण्याची थोरवी नंतर मान्य केली.