कागदाचे कलावंत अकिरा योशिझावा

पावसाळ्यात दारापुढून ओहोळ वाहू लागले, की जुन्या वहीच्या पानाची होडी करून ती पाण्यात सोडावी, ही गोष्ट पुणे जिल्ह्यातील निरगुडसरच्या मुलांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. थोरली बहीण किंवा शेजारचा दादा घडी घालून दाखवितो आणि धाकटे भावंड ती पाहून शिकते. टोपी, विमान व बेडूकही असेच एका हातातून दुसऱ्या हातात जातात. परंतु दाखविणारे कोणी जवळ नसले आणि मधलीच एखादी घडी उमगेनाशी झाली, म्हणजे मोठी पंचाईत होते. अर्धवट झालेला पक्षी चुरगळून टाकावा लागतो. जगातील असंख्य मुलांची ही अडचण ज्यांनी दूर केली, त्या जपानी कलावंतांचे नाव अकिरा योशिझावा.

योशिझावा यांचा जन्म १४ मार्च १९११ रोजी जपानच्या तोचिगी प्रांतातील कामिनोकावा या गावी झाला. त्यांच्या घरी गाई पाळून दुधाचा व्यवसाय करीत. कागदाच्या घड्या घालून नाना आकृती करण्याची कला जपानमध्ये शेकडो वर्षे चालत आली आहे. तिला ‘ओरिगामी’ म्हणतात. ‘ओरी’ म्हणजे घडी आणि ‘कामी’ म्हणजे कागद. या कलेचा छंद अकिरांना बालपणीच जडला. तेराव्या वर्षी ते घर सोडून तोक्यो शहरात आले आणि एका कारखान्यात काम करू लागले.

विशीत आल्यावर त्यांना तेथे नकाशे व आराखडे काढण्याचे काम मिळाले. नव्या कामगारांना भूमिती शिकविण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली. फळ्यावरच्या रेषांनी जे समजत नसे, ते योशिझावा कागद दुमडून समजावून देत. कागदाची एक कड दुसऱ्या कडेवर नेमकी बसविली, की त्यांमधील कोन दुभागला जातो. मोजपट्टीची गरजच पडत नाही. शिकणाऱ्याच्या मनातील गाठ घडीने सुटते, हे योशिझावा यांनी येथे प्रत्यक्ष पाहिले.

१९३७ साली त्यांनी कारखान्यातील नोकरी सोडली आणि सारे आयुष्य ओरिगामीला वाहिले. हा निर्णय सोपा नव्हता. त्या काळी ओरिगामी हा मुलांचा खेळ समजला जाई. त्यावर पोट भरणे शक्य नव्हते. योशिझावा ‘त्सुकुदानी’ नावाचे खारट तोंडीलावणे दारोदार विकून कसाबसा निर्वाह करीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्याच्या वैद्यकीय पथकात हाँगकाँगला जावे लागले. तेथेही ते आजारी सैनिकांच्या मनोरंजनासाठी कागदाच्या आकृती करीत. पुढे ते स्वतःच आजारी पडले आणि मायदेशी परतले.

कलेचे चीज होण्यास चाळिशी उजाडावी लागली. जपानी पंचांगात उंदीर, बैल, वाघ, ससा अशा बारा प्राण्यांची बारा वर्षे मानली जातात. हे बारा प्राणी कागदातून घडविण्याचे काम एका प्रसिद्ध चित्रसाप्ताहिकाने योशिझावा यांच्यावर सोपविले. १९५२ च्या आरंभी त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि योशिझावा यांचे नाव जपानभर पसरले.

१९५४ साली त्यांचा स्वतःचा पहिला ग्रंथ निघाला. त्यांचे सर्वांत उपकारक कार्य या ग्रंथात आहे. घड्या दाखविणारी पुस्तके पूर्वीही होती. परंतु त्यांतील चित्रे पाहून पुढे काय करावयाचे, याचा पुष्कळदा उलगडा होत नसे. योशिझावा यांनी घड्यांची जणू एक लिपीच तयार केली. कागद दरीसारखा आत दुमडावयाचा असेल, तर तुटक रेघांची ओळ; डोंगराच्या कड्यासारखा उलट बाजूस दुमडावयाचा असेल, तर रेघ व टिंबे यांची ओळ. कागद कोणत्या दिशेने न्यावयाचा, हे बाण सांगे.

कागदी पक्ष्याची चोच हे अवघड घडीचे चांगले उदाहरण आहे. मानेचे टोक दोन पदरांच्या मध्ये उलटवून आत घ्यावयाचे असते. नवशिका मात्र ते नुसतेच एका बाजूला वाकवितो आणि तेथे त्याचे गाडे अडते. अशा वेळी टोक प्रथम दोन्ही बाजूंस दुमडून घडीची खूण पक्की करावी, मग ते सरळ करून दोन्ही पदर किंचित उघडावेत आणि टोक अलगद आत दाबावे. त्या ठिकाणी डोंगराची दरी होते आणि चोच आपोआप जागेवर बसते. हातातील घडीबरोबर पुढची आकृतीही पाहून ठेवली, तर कोठे पोहोचावयाचे हे कळते आणि वाट सापडते.

पुढे इतर देशांतील ओरिगामीच्या लेखकांनी या लिपीत थोडी भर घातली. आज जगभरची पुस्तके याच खुणा वापरतात. त्यामुळे जपानी भाषेचे एक अक्षरही न येणारा मुलगा जपानी पुस्तकावरून बगळा करू शकतो.

दुसऱ्यांची वाट सोपी करणाऱ्या योशिझावा यांनी स्वतःसाठी मात्र कठीण वाटच पत्करली. झाडावर बसून तीव्र स्वरात आवाज करणारा सिकाडा नावाचा कीटक कागदातून साकारण्याचे त्यांनी मनात घेतले. तो मनासारखा उतरेपर्यंत २३ वर्षे गेली. पूर्वीच्या आकृती सपाट व ताठ असत. योशिझावा यांनी जाड कागद किंचित ओला करून घडविण्याची पद्धत शोधली. ओलाव्याने कागदातील खळ मऊ होते आणि वाळल्यावर पुन्हा घट्ट होते. त्यामुळे प्राण्याच्या पाठीचा गोलवा व गालाचा फुगवटा कागदात टिकून राहू लागला.

१९५५ साली आम्स्टरडॅम येथील संग्रहालयात त्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले आणि युरोपातील रसिक चकित झाले. जपान सरकारने त्यांना सांस्कृतिक दूत म्हणून अनेक देशांत पाठविले. १९८३ साली सम्राट हिरोहितो यांच्याकडून त्यांना ‘उगवत्या सूर्याचा’ सन्मान मिळाला. त्यांनी हजारो आकृती घडविल्या. पण आपल्या कलाकृती त्या अपत्यांप्रमाणे मानून त्यांनी विकल्या नाहीत. १४ मार्च २००५ रोजी, वयाची ९४ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, त्यांचे देहावसान झाले.

योशिझावा यांच्यापाशी साधन म्हणून होता तो एक चौकोनी कागद. त्याची किंमत फार नसते. परंतु अडलेल्या घडीपाशी थांबून, ती उलगडून, पुन्हा शांतपणे घालण्याची चिकाटी मोलाने मिळत नाही. ती त्यांनी स्वतःच्या अंगी बाणविली आणि जी वाट सापडली, ती मागून येणाऱ्यांसाठी रेघांनी व बाणांनी आखून ठेवली.