खुर्ची दुसऱ्याला, जबाबदारी आपल्याकडे



आपल्या वर्गातले बरेच जण पुढे साहेब झाले. कुणी बँकेत मॅनेजर, कुणी मुख्याध्यापक, कुणी कारखान्यात सुपरवायझर. मीही बरीच वर्षे हाताखाली माणसे घेऊन काम केले. चांगला साहेब कसा असावा, हे ट्रेनिंगमध्ये पुष्कळ ऐकले. पण मला त्याचा खरा धडा आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या चरित्रात सापडला. ते म्हणजे लोणीचे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील.

त्यांचा जन्म नारळी पौर्णिमेचा. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. प्रवरेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस पिकू लागला. पण गुळाचा भाव पडला की बागायतदार पुन्हा सावकाराच्या दारात. साखर कारखाने होते, तेही खासगी मालकांचे. विठ्ठलरावांनी १९२३ साली लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढली. शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायचे ठरले, तेव्हा हाच चोख व्यवहार कामी आला. ते गावोगाव फिरले, घरोघरी बसले, शेअर्स गोळा केले. कर्जाने पोळलेल्या माणसाने कनवटीचा पैसा काढून द्यायचा, तो कागद वाचून नव्हे, समोरचा माणूस पाहून. १९५०-५१ साली प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम झाला.

मला सर्वांत मोठी वाटते ती पुढची गोष्ट. एवढे कष्ट ज्याचे, अध्यक्षाची खुर्ची त्याचीच, असे कुणीही म्हणाले असते. विठ्ठलरावांनी तिथे पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना बसवले आणि स्वतः उपाध्यक्ष झाले. सरकार, बँका, हिशेब, नियम ही बाजू गाडगीळांची. सभासदांचा विश्वास सांभाळणे ही विठ्ठलरावांची. नुसत्या विद्वत्तेवर शेअर्स जमले नसते आणि नुसत्या विश्वासावर कारखाना उभा राहिला नसता. ही जोडी सुमारे दहा वर्षे टिकली. त्यात विठ्ठलरावांचा मान कुठे कमी झाला नाही. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नोकरीत मी उलटेही पाहिले आहे. हाताखालचा जास्त जाणकार निघाला की साहेब अस्वस्थ होतो, त्याला फायलींत अडकवतो, त्याचे काम आपल्या नावावर वर पाठवतो. नुकसान सगळ्या ऑफिसचे होते. ज्याला आपल्या उणिवा ठाऊक असतात, तोच त्या भरून काढणारा माणूस शोधू शकतो.

आता आपल्यापैकी बहुतेक जण निवृत्त झालो. तरी हाउसिंग सोसायटी, पतसंस्था, शाळेची समिती अशा खुर्च्या अजून समोर येतात. तिथे आपल्यापेक्षा जाणता कुणी दिसला, तो वयाने दहा वर्षांनी लहान का असेना, तर त्याचे नाव आपणच सुचवावे. आणि नाव सुचवून घरी बसू नये. त्याच्या शेजारी बसून वर्गणीची पावतीपुस्तके आपण सांभाळावीत.