काळ्या रेघेचा चित्रकार : फ्रान्सिस न्यूटन सूझा

चित्रकला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? राजा रविवर्म्याची देखणी स्त्री, नाहीतर कॅलेंडरवरचा निसर्ग. माणूस काढायचा तर तो हुबेहूब हवा आणि दिसायला छानही हवा, एवढीच आपली अपेक्षा. ही अपेक्षा आयुष्यभर धुडकावणारा एक चित्रकार शेजारच्या गोव्यात जन्मला. त्याची आज ओळख करून देते.

सूझाचा जन्म १२ एप्रिल १९२४ चा, साळगावचा. वडील तो तान्हा असतानाच वारले. आईने मुंबईत शिवणकाम करून त्याला वाढवलं. लहानपणी त्याला देवी आल्या. पोरगा वाचला तर त्याला धर्मगुरू करीन, असा नवस आई सेंट फ्रान्सिस झेवियरला बोलली. पोरगा वाचला, नावात फ्रान्सिस आलं, पण धर्मगुरू काही झाला नाही. आधी शाळेने काढून टाकलं, मग 'छोडो भारत' चळवळीपायी १९४५ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टनेही. आपला एक विषय राहिला तरी घरात सुतक असतं, इथे तर दोन्हीकडची दारं बंद!

पण हा गडी खचला नाही. १९४७ मध्ये रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर त्याने 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. त्यात त्याने आणखी एकाला ओढून आणलं, तो म्हणजे सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेला मकबूल फिदा हुसेन. हुसेनचा जन्म पंढरपूरचा. म्हणजे आमच्या माढ्याच्या शेजारच्याच तालुक्यातला, हे सांगताना मला उगाचच अभिमान वाटतो.

१९४९ मध्ये सूझाच्या चित्रांवर अश्लीलतेचा आरोप झाला, पोलीस आले. त्याच वर्षी तो लंडनला गेला. तिथे सुरुवातीची वर्षं हलाखीत गेली. १९५५ मध्ये त्याचा आत्मकथनपर लेख छापून आला, गॅलरी वनमध्ये प्रदर्शन झालं आणि नाव झालं.

आता त्याच्या माणसांविषयी. डोळे थेट कपाळावर चढलेले, दात करवतीसारखे, मान म्हणजे नुसता खांब. आणि सगळ्याभोवती जाड काळी रेघ. आम्ही ड्रॉइंग हॉलमध्ये टू-एच पेन्सिलीने बारीक रेघा ओढतो, कारण रेघेने फक्त माप सांगायचं असतं. सूझाची रेघ मात्र भार पेलते. आधी रेघांचा सांगाडा उभा राहतो, मग त्यात लाल, निळा, हिरवा रंग बसतो. चर्चच्या खिडकीत रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांनी धरून ठेवलेल्या असतात ना, अगदी तसं. कातडीचा रंग कातडीसारखा असलाच पाहिजे, असा त्याचा आग्रहच नाही. रंग सांगतो तो त्या माणसाच्या आतला राग, वासना, भीती.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. रोज पाहिलेला क्रूसावरचा येशू गोरा आणि शांत होता. सूझाचं १९५९ चं 'क्रुसिफिक्शन' लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यातला येशू काळा आणि काटेरी आहे. खिळे ठोकल्यावर माणसाला दुखतं, ही साधी गोष्ट मला त्या चित्रामुळे जाणवली. देखण्या चित्रांनी ती लपवली होती.

कुणी म्हणेल, असली वेडीवाकडी माणसं आपल्याला कशी रुचणार? पण आमच्या माढ्याकडे शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड असतो, त्याला दोन डोळे बसवलेले. ना नाक, ना हात. तरी येणारा-जाणारा हात जोडतो. तो माणसासारखा दिसत नाही, अशी तक्रार कुणी करत नाही. रंग आणि नजर, एवढ्यावर तिथे कुणीतरी 'आहे' असं वाटतं. सूझाला हेच साधायचं होतं, असं मला वाटतं.

१९६५ मध्ये तर त्याने कमालच केली. काळ्यावर काळ्याच रंगाने चित्रं काढली! जाड थरांवर उजेड तिरका पडला की मगच चेहरा दिसतो. मोबाईलवर शोधाल तर बहुतेक काळा चौकोनच दिसेल. रंग काढून घेतल्यावर काय उरतं, हे जणू त्याने तपासून पाहिलं. उरला माणूसच.

१९६७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि लंडनमधलं ते वलय मागे पडलं. तरी त्याचं काढणं थांबलं नाही. २८ मार्च २००२ रोजी तो मुंबईत वारला. पुढे २००८ मध्ये त्याचं १९५५ चं 'बर्थ' हे चित्र लिलावात सुमारे २५ लाख डॉलरला गेलं. तेव्हा सगळे त्याला थोर म्हणू लागले. पण किमतीचं सोडा. गर्भार बाई इतक्या उघडपणे, न सजवता काढायची हिंमत त्याने केली, तेव्हा ती विकली जाईल याची खात्री कुणी दिली होती?

आपल्यालाही पुढे लोकांना आवडेल तेच करावं, असं सगळे सांगतील. त्यावेळी सूझाचं एखादं चित्र काढून बघा. आवडलं नाही तरी चालेल, पण नजर लगेच वळवू नका.