विश्लेषण : घर बांधण्याआधी माती का तपासायची? ही शिस्त घालून देणारे कार्ल टर्झागी कोण होते?

प्लॉट घेतला, नकाशा मंजूर झाला, घरही उभे राहिले. दोन-तीन वर्षांनी मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. अशा वेळी पहिला संशय सिमेंटवर आणि मिस्त्रीवर जातो. पण दोष अनेकदा पायाखालच्या मातीत असतो. ओझ्याखाली माती कशी वागते, याचे गणित मांडणाऱ्या कार्ल टर्झागी यांना ‘मृदा यांत्रिकी’चे जनक मानले जाते.

मातीकडे कसे वळले?

टर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्रागमध्ये झाला. ग्राझ येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, पण ओढा भूगर्भशास्त्राकडे होता. बांधकामांवर काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. पोलाद आणि काँक्रीटची ताकद मोजता येत होती. ज्या जमिनीवर हे सगळे उभे राहणार, तिच्याबाबत मात्र बराचसा अंदाजच होता. १९१२ मध्ये ते अमेरिकेला गेले. धरणांची कामे पाहिली, नोंदी जमवल्या. पण नियम काही हाती लागला नाही आणि ते निराश होऊन परतले. वाळू, चिकणमाती अशी नुसती नावे पुरेशी नाहीत, मातीचे गुणधर्म मोजायला हवेत, हे त्यांच्या लक्षात आले.

इस्तंबूलमध्ये काय सापडले?

१९१६ मध्ये ते इस्तंबूलमध्ये शिकवू लागले. पुढे तिथल्याच रॉबर्ट कॉलेजमध्ये त्यांनी हाताशी असलेल्या साध्या सामानातून उपकरणे तयार केली आणि मातीचे नमुने दाबून पाहिले. उत्तर मातीच्या कणांमधल्या पाण्यात दडले होते.

ओल्या चिकणमातीवर घराचे ओझे आले की सुरुवातीला ते कणांमधले पाणी पेलते. हे पाणी हळूहळू बाहेर पडते, तसे ओझे कणांवर येते. कण जवळ सरकतात आणि जमीन खचते. वाळूतून पाणी पटकन निघून जाते. चिकणमातीत वर्षे लागतात. थर दुप्पट जाड असेल तर वेळ साधारण चौपट. म्हणूनच भेगा उशिरा दिसतात. १९२३ मध्ये त्यांनी हा सिद्धांत मांडला आणि १९२५ मध्ये मृदा यांत्रिकीवरचे त्यांचे जर्मन पुस्तक आले.

वाद काय झाला होता?

१९२५ ते १९२९ अमेरिकेतील एमआयटीमध्ये शिकवून ते व्हिएन्नाला परतले. तिथले प्राध्यापक पॉल फिलुंगर यांनी याच सिद्धांतावर जाहीर आणि जहरी टीका केली. चौकशी समितीने टर्झागी यांची बाजू उचलून धरली. मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने जीवन संपवले. पुढच्याच वर्षी टर्झागी यांनी ऑस्ट्रिया सोडले आणि ते हार्वर्डमध्ये शिकवू लागले.

घर बांधणाऱ्याला याचा उपयोग काय?

राल्फ पेक यांच्यासोबतचे टर्झागी यांचे १९४८चे पुस्तक जगभरच्या अभियंत्यांनी वापरले. बोअरमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे, ही चाचणी रूढ होण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. चिकणमातीचा नमुना कड्यात बसवून, दाबून तो किती आणि किती वेळात खचतो हे आजही प्रयोगशाळेत पाहिले जाते.

टर्झागी यांचा आग्रह मात्र केवळ आकड्यांचा नव्हता. दोन बोअरच्या मधली जमीन वेगळी असू शकते. त्यामुळे खोदाई सुरू झाल्यावरही निरीक्षण ठेवा आणि गरज पडली तर आराखडा बदला, ही त्यांची पद्धत होती. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

आपल्याकडे काळ्या मातीचा आणखी एक त्रास आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे शेजाऱ्याच्या पायाची खोली बघून आपली ठरवू नका. मुरूम किंवा खडक किती खोल आहे, प्लॉटवर जुना भराव आहे का, पाणी कुठे लागते, हे पाया खणण्याआधीच तपासून घ्या. घर उभे राहिल्यावर पाया दुरुस्त करणे फार महागात पडते.