ड्यूकचे पाय

होनोलुलूच्या बंदरात १२ ऑगस्ट १९११ रोजी विशीतल्या एका तरुणाने शंभर यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत पोहून काढले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे क्रीडाधिकारी ही वेळ खरी मानायला तयार होईनात. विक्रमाची नोंद झाली नाही. तो तरुण म्हणजे ड्यूक काहानामोकू.

ड्यूकचा जन्म १८९० चा, लहानपण वाइकीकीच्या समुद्रात गेले. फ्रीस्टाइलमध्ये तेव्हा बरेच जण गुडघ्यातून पाय आपटत. ड्यूकचे पाय कमरेतून हलत, गुडघे किंचित सैल आणि घोटे अगदी ढिले. हातांच्या एका फेऱ्यात सहा वेळा. याचा फायदा शरीरशास्त्रात आहे. छातीत हवा असल्याने ती तरंगते, पाय मात्र बुडू पाहतात. पाय खाली गेले की शरीर तिरके होते आणि पाणी जास्त अडवते. पुढे नेण्याचे मुख्य काम हातांचेच. पाय शरीर आडवे ठेवतात. मांडीचे स्नायू मोठे, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो. म्हणून जोरात पाय आपटणारा आधी दमतो. कशेळीच्या खाडीत किंवा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले अनेक जण सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडतात. तिथेच वेग जातो. घोटे ताठ असणाऱ्यांना वज्रासनाचा उपयोग होतो, पण गुडघेदुखी असेल तर ते टाळलेले बरे.

१९१२ मध्ये स्टॉकहोमला ड्यूकने शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकले. १९१६ चे ऑलिम्पिक महायुद्धाने बुडवले. १९२० च्या अँटवर्पमध्ये (बेळगावचे फडेप्पा चौगुले याच स्पर्धेत मॅरेथॉन धावले) अंतिम शर्यत त्याच्या तिसाव्या वाढदिवशी झाली. तो जिंकला, ऑस्ट्रेलियाने तक्रार केल्याने शर्यत पुन्हा घेतली, तीही त्यानेच जिंकली. १९२४ ला पॅरिसमध्ये जॉनी वाइसमुलरने त्याला मागे टाकले. तिसरा आला ड्यूकचाच भाऊ सॅम.

पदकांहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षीची. जून १९२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ थेल्मा नावाची बोट उलटली. उसळत्या लाटांत ड्यूक आपली लाकडी फळी घेऊन पुन्हा पुन्हा आत गेला आणि आठ जणांना बाहेर घेऊन आला. सतरा जण बुडाले.

पुढे अनेक वर्षे तो होनोलुलूचा शेरीफ होता. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याची रक्षा वाइकीकीच्याच समुद्रात सोडण्यात आली.